कोस की को? एका ग्रीक बेटाच्या नावाचं व्याकरण (आणि त्याला तुर्कांनी लावलेलं शेपूट)

अक्षरजुळारी (धागाकर्ती)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. वैद्यकाच्या इतिहासावरच्या काही लेखांचं मराठी करायला घेतलंय. पहिलाच लेख हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्यावर, आणि तो ज्या बेटावर जन्मला त्याच्या नावापाशीच गाडी अडलीय. इंग्रजीत काही जण ते 'के'ने लिहितात, काही 'सी'ने. इटालियन पुस्तकात 'कोओ' दिसतं. एका जुन्या प्रवासवर्णनात 'स्तांकिओ' आणि तुर्की नकाशावर 'इस्तानक्योय'. एवढ्याशा बेटाला एवढी नावं!

बरं, म्हटलं मूळ ग्रीकच बघू. तर रस्त्यावरच्या पाटीवर 'कोस' आणि नगरपालिकेच्या कागदावर नुसतं 'को'. इस्पितळ 'को'चं, विमानतळही 'को'चा. शेवटचा 'स' गेला कुठे? शब्दकोशात ते स्त्रीलिंगी दिलंय, हे आणखी एक कोडं. मराठीत काय लिहू, आणि मुळात हे नाव आलं कुठून? कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

डॉ_खवचट

कोस म्हणजे दोन मैल, एवढं आम्हाला शाळेत शिकवलंय. बेटाची लांबी ४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेबारा कोसांचं कोस. झालं उत्तर. (हलके घ्या)

जाणकार येईपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

पाणिनीचा_पुतण्या

डॉक्टर, जागा धरून ठेवा, वेळ लागेल.

ताई, 'स' कुणी खाल्लेला नाही, तो प्रथमेचा प्रत्यय आहे. 'देवः'मधला विसर्ग जसा 'देवस्य' म्हणताना राहत नाही, तसंच. पाटीवर गावाचं नाव सुटं असतं, म्हणून प्रथमा: कोस. 'नगरपालिका' (दिमोस) लिहून पुढे नाव आलं की ते षष्ठीत जातं: दिमोस को, म्हणजे कोसची नगरपालिका. इस्पितळ आणि विमानतळ यांचंही तेच.

आजच्या ग्रीकमध्ये हे नाव असं चालतं: ई कोस (प्रथमा), तिस को (षष्ठी), तिन को (द्वितीया). पुढचे 'ई, तिस, तिन' हे उपपद, आणि तेही स्त्रीलिंगी. शेजारचं रोडस बघा: ई रोदोस, तिस रोदू, तिन रोदो. तिथे षष्ठीला 'ऊ' येतो, कोसला येत नाही. म्हणजे कोस नेहमीच्या वाटेने चालत नाही, ते एका जुन्या, जवळजवळ मोडीत निघालेल्या गणातलं आहे. ग्रीक वैयाकरण त्याला अ‍ॅटिक (म्हणजे अथेन्सच्या बोलीचा) गण म्हणतात. प्राचीन ग्रीकमध्ये प्रथमा कोस, षष्ठी को, चतुर्थीही को (लिहिताना ओमेगा, म्हणजे दीर्घ 'ओ'च्या अक्षराखाली बारीकसा इओता, म्हणजे 'इ'), आणि द्वितीयेला को किंवा कोन, दोन्ही चालत.

या गणातले बरेच शब्द एका गमतीशीर ध्वनिबदलातून आले. देवळाला इतर बोलींत 'नाओस', अथेन्सच्या बोलीत 'नेओस'. मधला टप्पा 'नेऽओस': आधीचा स्वर दीर्घ, पुढचा ऱ्हस्व. मग दीर्घत्व पहिल्या स्वरावरून उडी मारून दुसऱ्यावर गेलं आणि पहिला आखूड झाला. 'लाओस' (लोक) चं 'लेओस' झालं तेही असंच. मात्र कोसचं ओमेगा या उडीतून आलेलं नाही. तिथे दोन स्वर जवळ येऊन एक झाले. होमरच्या इलियडमध्ये १४व्या आणि १५व्या सर्गात जुनं दोन अवयवांचं 'कोओस' रूप भेटतं (हेराक्लिसला वादळात तिकडे भरकटवल्याची गोष्ट आहे), आणि त्याच काव्याच्या २ऱ्या सर्गात, जहाजांच्या यादीत, आखडलेलं 'कोन' येतं. एकाच काव्यात दोन्ही पिढ्या.

याच गणात पहाटेचा शब्द आहे: हेओस, द्वितीया हेओ. होमरकडे तो 'एओस'. आपल्या उषस्‌शी त्याचं थेट नातं आहे. अथोस पर्वत आणि केओस बेट हीसुद्धा याच गणातली. केओसने नंतर कंटाळून सोपं रूप घेतलं, आज ते 'केआ' झालंय. कोसने घेतलं नाही.

---

मुलुंडची_मैना

+१ आणि वाचनखूण साठवली.

पण मला एक सांगा, आजचे ग्रीक लोक खरंच 'तिस को' म्हणतात? की फक्त सरकारी कागदावर?

---

पाणिनीचा_पुतण्या

बातम्यांत, शाळेत, बोलण्यातही 'तिस को', 'स्तिन को'च ऐकू येतं. नाव एकाच अवयवाचं, रोज तोंडात येणारं, त्यामुळे टिकलं असावं. एरवी बोलीभाषेने हा गण झाडून टाकला. देवळाला आज कुणी 'नेओस' म्हणत नाही, सगळे 'नाओस' म्हणतात. अथोस आणि कोस असे मोजके शिल्लक आहेत.

---

अक्षरजुळारी

धन्स, पुतणे! षष्ठीचं कळलं. पण स्त्रीलिंगाचं? 'ओस'ने संपणारे शब्द पुल्लिंगी असतात असं मी एका प्राथमिक ग्रीकच्या पुस्तकात वाचलंय.

---

ओटीवरची_आजी

बहुतेक असतात बाळा, सगळे नाहीत. मी निवृत्तीनंतर ग्रीक शिकायला बसले तेव्हा संस्कृतच्या सवयीने इथेच ठेचकाळत होते. आपल्याकडे अकारान्त शब्द पुल्लिंगी नाही तर नपुंसकलिंगी, स्त्रीलिंगी कधीच नाही. रामः, वनम्, संपलं. ग्रीकचा 'ओस' हा आपल्या 'अः'चा भाऊ, पण त्याच्या घरात बायकाही राहतात: 'होदोस' (रस्ता) स्त्रीलिंगी, 'आम्मोस' (वाळू) स्त्रीलिंगी, आणि आपल्या कामाचा शब्द 'नेसोस', म्हणजे बेट, तोही स्त्रीलिंगी. आता उच्चार 'निसोस'.

बेट स्त्रीलिंगी, म्हणून बेटांची नावंही स्त्रीलिंगी, शेवट कसाही असो. रोदोस, सामोस, खिओस, नाक्सोस, पारोस, लेस्व्होस, कीप्रोस (सायप्रस), सगळ्यांपुढे 'ई' हे स्त्रीलिंगी उपपद. देशांनाही पुष्कळदा हेच लागतं, इजिप्त त्यांच्याकडे 'ई एयिप्तोस'.

आपल्याकडे उलटं आहे. 'गाव' नपुंसकलिंगी, पण म्हणून सातारा नपुंसकलिंगी होत नाही. तो 'सातारा कसा वाटला?', मुंबई 'कशी वाटली?' आणि पुणं 'कसं वाटलं?' मराठीत नावाचा शेवट बघून लिंग ठरतं, ग्रीक बेटांत 'नेसोस' ठरवते. नावाच्या पुढे ती अदृश्य बसलेलीच असते म्हण ना.

---

पाणिनीचा_पुतण्या

आजी, साष्टांग! फक्त एक पुरवणी: 'नेसोस'चा हुकूम सगळीकडे चालत नाही. पोरोस हे बेट पुल्लिंगी आहे, 'ओ पोरोस'. कारण 'पोरोस' म्हणजे पाण्यातून पलीकडे जायची वाट, सामुद्रधुनी, आणि तो शब्द आधीपासून पुल्लिंगी. अर्थ जिवंत राहिला म्हणून लिंगही राहिलं. कीथिरा नपुंसकलिंगी अनेकवचन, स्पेत्सेस स्त्रीलिंगी अनेकवचन, पाक्सी पुल्लिंगी अनेकवचन.

---

इझमीरकर

मी पाच-सहा वर्षं तुर्कस्तानात नोकरीला आहे, म्हणून इस्तानक्योयचं मी घेतो.

कोस बोद्रुमच्या समोर आहे. जवळच्या टोकापासून ४-५ किलोमीटर, स्वच्छ हवेत घरं दिसतात. बोद्रुम म्हणजे प्राचीन हालिकार्नासस, हेरोडोटसचं गाव. आमचे तुर्की सहकारी बेटाला आजही सहज इस्तानक्योय म्हणतात. 'क्योय' म्हणजे तुर्कीत खेडं. म्हणून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, 'इस्तान' नावाचं काही खेडं असेल. तसलं काही नाही.

ग्रीक माणूस 'कोसला' किंवा 'कोसमध्ये' म्हणताना 'इस तिन को' म्हणायचा, हल्ली 'स्तिन को'. शब्दयोगी, उपपद आणि नाव असं तिन्ही एका दमात. परक्या खलाशाने विचारलं, 'कुठे चाललास?' उत्तर आलं, 'स्तिन को'. त्याला वाटलं, हेच नाव. तिथून इटालियन लोकांचं स्तांकिओ आणि तुर्कांचं इस्तानक्योय. शेवटचा 'को' तुर्की कानाला 'क्योय'सारखा लागला आणि बेटाचं खेडं झालं.

इस्तंबूलचीही हीच कथा बहुतेक अभ्यासक मान्य करतात: 'इस तिन पोलिन', म्हणजे शहरात. कॉन्स्टँटिनोपल एवढं मोठं की त्याला नुसतं 'पोलिस', शहर, म्हणत. ग्रीक अजूनही म्हणतात. ती नगरी आणि हे पिटुकलं बेट एकाच साच्यातून निघालेत!

---

डॉ_खवचट

म्हणजे एखाद्या इंग्रजाने कोकणात विचारलं, 'कुठे चाललात?' आणि आमच्या आजोबांनी सांगितलं, 'पुण्यास', आणि नकाशावर 'पुण्यास' छापून आलं, असं?

---

इझमीरकर

अगदी तसंच. फक्त आपल्याकडे प्रत्यय मागे लागतो, तिकडे सगळा लवाजमा पुढे. त्यामुळे परक्यांच्या नावात शेपटाऐवजी शेंडी आली.

---

मुळाक्षर

थोडं थांबा. सुरुवातीच्या 'इ'ला एवढं महत्त्व देऊ नका. तुर्कीला शब्दाच्या सुरुवातीला 'स्त', 'स्प' असली जोडाक्षरं आवडत नाहीत, आधी 'इ' लावतात. स्टेशनचं 'इस्तास्योन', स्पिरिटचं 'इस्पिर्तो'. हिंदी पट्ट्यात 'इस्कूल' म्हणतात तसं. तेव्हा इस्तानक्योयचा 'इ' ग्रीक 'इस'मधलाच असेल असं नाही, 'स्तिन को'ला तुर्कांनी घरचा 'इ' जोडला असेल.

दुसरी शंका. ग्रीकमध्ये 'स्तिन' आहे, तर नावात 'स्तान' कसं? 'इ'चा 'आ' का?

---

इझमीरकर

पहिला मुद्दा मान्य. दोन्ही 'इ' एकमेकांत मिसळलेत, वेगळे काढता येणार नाहीत. पण 'स्त' तर तुर्कांनी लावलेला नाही ना? इटालियन स्तांकिओमध्ये 'इ' नाहीच, 'स्त' आहे. म्हणजे 'स्तिन' किंवा 'इस तिन' कुठल्याही रूपाने ग्रीक तोंडातूनच आलंय.

'आ'बद्दल एवढंच सांगेन की तो एकटा नाही. लिम्नोस बेटाला पश्चिमेकडचे लोक 'स्तालिमेने' म्हणत (स्तिन लिम्नो). क्रीटच्या उत्तरेला दिआ नावाचं छोटं बेट आहे, ते 'स्तान्दिआ' झालं. इस्तंबूल तर आहेच. एवढ्या ठिकाणी तोच 'आ' येतो म्हटल्यावर योगायोग नव्हे.

आणि एक माझं निरीक्षण. ग्रीकमध्ये 'न' नंतर 'प' आला की तो 'ब' होतो, 'क' आला की 'ग'. 'तिन पोलिन' बोलताना 'तिम बोलिन', म्हणून इस्तंबूलमध्ये 'ब'. या हिशोबाने 'स्तिन को' बोलताना 'स्तिन गो' होतं, मग इस्तानक्योयमध्ये 'ग' हवा होता. तिथे 'क' आहे. मला वाटतं, हे 'क्योय'चंच काम. ओळखीचा शब्द ऐकू आला की कान उरलेलं दुरुस्त करून घेतो.

---

मुळाक्षर

स्तांकिओमध्येही 'क'च आहे की. इटालियनमध्ये 'क्योय' कुठून आलं?

---

इझमीरकर

हम्म. लिहिणाऱ्याला सुटं 'को' माहीत असणार, म्हणून 'क' राहिला, असं म्हणता येईल. पण तुमचा चेंडू जोरात आलाय, हे खरं.

---

दर्यावर्दी

जहाजावर तीस वर्षं काढली, एजियन समुद्रात पुष्कळ वेळा. वरच्या यादीत नेग्रोपोंते राहिलं, ते सर्वांत भारी आहे.

एव्हिया हे ग्रीसचं क्रीटनंतरचं सर्वांत मोठं बेट. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये खाल्किदा शहरापाशी जी चिंचोळी खाडी आहे ती एव्रिपोस. सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ४० मीटर, आणि पाण्याचा प्रवाह दिवसातून कैक वेळा दिशा बदलतो. पूल उघडला तरी हवा तो प्रवाह मिळेपर्यंत जहाजं थांबून राहतात. या एव्रिपोसचा बोलीत 'एग्रिपोस' झाला, शहरालाही तेच नाव पडलं. 'एग्रिपोसला' म्हणजे 'स्तोन एग्रिपो'. इथे 'स्तोन', कारण हा शब्द पुल्लिंगी. व्हेनिसच्या लोकांनी 'स्तो' सोडला पण 'न' उचलला: नेग्रिपो. आणि पूल तर समोर होताच. इटालियनमध्ये 'पोंते' म्हणजे पूल, 'नेग्रो' म्हणजे काळा. झालं नेग्रोपोंते, काळा पूल! काळा कुठलाही पूल तिथे नव्हता. पुढे अख्ख्या बेटाला युरोपभर हेच नाव. तुर्कांनी मात्र 'न' न घेता एग्रिबोझ म्हटलं.

कोसला मध्ययुगात आणखी एक नाव होतं, लांगो. सेंट जॉनचे सरदार (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा एक संघ) १४व्या शतकात तिथे आले, त्यांच्या कागदांत हेच. बेट लांबुळकं म्हणून असं सांगतात. १५२३ मध्ये ते तुर्कांकडे गेलं, १९१२ मध्ये इटालियनांकडे, आणि रीतसर ग्रीसमध्ये आलं ते १९४८ ला. ताईंना इटालियन 'कोओ' दिसलं ते बहुधा त्या ३०-३५ वर्षांतल्या छापील मजकुरात असेल. तिथल्या अस्क्लेपिओस या वैद्यकाच्या देवाच्या देवळाचं उत्खनन जर्मनांनी १९०२ ला सुरू केलं, पुढे इटालियनांनी चालवलं.

---

सासष्टकार

काळ्या पुलावरून आठवलं. मी गोंयचो, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आजोबांकडून ऐकलेलं सांगतो.

मुंबईचं नाव 'बॉम बाइया' म्हणजे 'चांगला उपसागर' यावरून पडलं, असं पर्यटकांना अजून सांगतात. आजोबा हसायचे. पोर्तुगीजमध्ये 'बाइया' स्त्रीलिंगी, 'बॉम' पुल्लिंगी विशेषण. खरंच तसं नाव ठेवलं असतं तर ते 'बोआ बाइया' झालं असतं. पोर्तुगीज माणूस स्वतःच्या भाषेत लिंग चुकणार नाही. पोर्तुगीजांनी मुंबई ऐकलं, 'बोंबाइं' लिहिलं, आणि अर्थ मागाहून कुणीतरी चिकटवला. 'मुंबा' देवी आणि 'आई' मिळून ती मुंबई. वसईचं 'बासाइं' केलं तेही असंच, तिथे कुणी 'चांगलं' शोधत बसत नाही.

नेग्रोपोंतेवाल्यांनी निदान व्याकरण तरी सांभाळलं. 'पोंते' इटालियनमध्ये पुल्लिंगी, म्हणून 'नेग्रो' बरोबर बसतो.

---

मुलुंडची_मैना

सासष्टकार, हा प्रतिसाद वेगळा धागा काढून टाका ना! लिंगावरून व्युत्पत्ती खोटी पाडायची ही कल्पना फार आवडली.

---

ओटीवरची_आजी

धाग्यावर परत येऊ या का? ताईचा अर्धा प्रश्न अजून तसाच आहे: 'कोस' मुळात आलं कुठून?

प्राचीन ग्रीकांचं उत्तर ठरलेलं असायचं, नावाची मुलगी शोधायची. बिझँटियमचा स्टेफानोस सांगतो, मेरोप्स राजाची मुलगी कोस, तिच्यावरून बेट. बेटाला मेरोपिस असंही म्हणत, इतिहासकार थ्युसिडिडीजकडे 'कोस मेरोपिस' आहे. कॉर्फूच्या कोर्किराची गोष्टही अशीच, असोपोस नदीची मुलगी. मला या कथांत फारसा दम वाटत नाही. नाव आधी, मुलगी नंतर.

---

पाणिनीचा_पुतण्या

मुलगी बाजूला ठेवली तर ग्रीकच्या आतून एक धागा मिळतो. 'कोओई' असा शब्द जमिनीतल्या पोकळ्या, कपारी, बिळं या अर्थाने आहे. स्ट्रेबोच्या भूगोलात स्पार्टाच्या तुरुंगाबद्दल बोलताना तो येतो. होमरच्या 'कोओस'शी आवाज जुळतो, म्हणून कुणाला 'गुहांचं बेट' म्हणायचा मोह होईल. मला तो टाळावासा वाटतो. त्या समुद्रातली कितीतरी नावं ग्रीक लोक येण्याआधीची आहेत. 'न्थोस' आणि 'स्सोस' शेवटांची नावं बघा: झाकिन्थोस, कोरिन्थोस, क्नोस्सोस. अर्थ ग्रीकमध्ये लागत नाही. लेस्व्होस हित्ती (प्राचीन तुर्कस्तानातल्या) भाषेतल्या लेखांत 'लाझ्पा' म्हणून येतं, म्हणजे इसवी सनापूर्वी १३व्या शतकातही ते नाव होतंच. कोसही ग्रीकपूर्व मानणं हेच बहुतेकांचं मत. परकं नाव ग्रीकांनी घेतलं आणि जवळात जवळच्या गणात बसवलं. 'स'ने संपतं, आधी लांब 'ओ' आहे, मग चला हेओस-अथोसच्या रांगेत.

जाता जाता: शब्दांच्या मागे लागून खंगलेला एक माणूस याच बेटाचा. फिलितास, इसवी सनापूर्वी ४थ्या-३ऱ्या शतकातला कवी. दुर्मीळ शब्दांचा कोश त्याने केला. इजिप्तचा दुसरा टॉलेमी, जो कोसवरच जन्मला होता, त्याचा हा शिक्षक. तो इतका बारीक होता की वाऱ्याने उडू नये म्हणून जोड्यांत शिसं घालायचा, अशी थट्टा जुन्या लेखकांनी करून ठेवलीय. शब्दांचा विचार करता करता मेला म्हणे.

---

डॉ_खवचट

या धाग्यावरच्या दोघा-तिघांनी वजन तपासून घ्यावं. फी नाही.

---

अक्षरजुळारी

डॉक्टर, माझं वजन हा धागा वाचताना शेंगदाणे खाऊन वाढलंय, काळजी नसावी.

आता मुख्य प्रश्न. कॉस की कोस? आणि हिप्पोक्रेटिसला ग्रीकमध्ये 'कोइओस' म्हटलेलं दिसतं, ते काय?

---

पाणिनीचा_पुतण्या

'कोइओस' म्हणजे कोसचा. गावाच्या नावावरून विशेषण, आपलं 'नागपुरी', 'सातारी' तसं. त्याचं षष्ठी अनेकवचन 'कोइओन', कोसकरांचं, हे बेटाच्या नाण्यांवर असतं, खेकड्याच्या चित्राबरोबर. ग्रीक नगरराज्यं नाण्यावर गावाचं नाव प्रथमेत क्वचित टाकत. नाणं कुणाचं? तर सिराक्यूजकरांचं, रोडसकरांचं. म्हणजे षष्ठी.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. भारतातला ग्रीक राजा मिनांडर याच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक 'बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू', दुसऱ्या बाजूला प्राकृत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. दोन्ही षष्ठी. (आणि 'बासिलेओस'मधला दीर्घ ओ हा मी वर सांगितलेल्या उडीतूनच आलाय.) आपल्या सातवाहनांच्या नाण्यांवरही 'रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस', षष्ठीच.

उच्चाराचं म्हणाल तर प्राचीन अथेन्समध्ये ओमेगा म्हणजे लांब, उघडा 'ऑ'. म्हणजे हिप्पोक्रेटिसच्या काळासाठी 'कॉस' जास्त जवळ. आजच्या ग्रीकमध्ये ऱ्हस्व-दीर्घ, उघडा-मिटका भेद राहिला नाही, कानाला 'कोस'च लागतं. इंग्रजी 'कॉस' योगायोगाने प्राचीनाच्या जवळ गेलंय.

---

मुळाक्षर

माझं मत 'कोस'ला. आज जिवंत असलेल्या जागेचं नाव तिथले लोक म्हणतात तसं लिहावं. प्राचीन उच्चाराच्या मागे लागलात तर हिप्पोक्रेटिसलाही 'हिप्पोक्रातेस' करावं लागेल.

---

सासष्टकार

पण 'कोसवर', 'कोसचा' वाचताना मराठी माणसाला अंतराचाच कोस आठवणार. 'तो कोसवर राहत होता' म्हणजे दोन मैलांवर! माझं मत कॉस.

---

अक्षरजुळारी

आणि 'को' घेतलं तर 'कोचा किनारा', म्हणजे लोक सोफा-कोच शोधतील. षष्ठीवर मराठी षष्ठी चढवायची नाही एवढं तरी पक्कं. इटालियनांसारखं दुसऱ्याचं चालवलेलं रूप उचलायचं नाही, प्रथमा घेऊन आपले प्रत्यय लावायचे. 'बेट' शब्द जोडीला ठेवला की अंतराचा घोळ होत नाही: 'कोस बेटावर', 'कोस बेटाचा'. लिंगही आपोआप नपुंसक. हिप्पोक्रेटिस मात्र 'कोसचा हिप्पोक्रेटिस' नाही, 'कोस बेटावरचा हिप्पोक्रेटिस' असा लांबच ठेवीन.

---

ओटीवरची_आजी

चालेल. 'बेट' जोडलंस म्हणजे ग्रीकांची अदृश्य 'नेसोस' मराठीत उघड आणून बसवलीस.

---

लेण्याद्रीकर

उशिरा आलो. वर कुणीतरी 'पुण्यास' छापून येण्याची थट्टा केली, तसं खरंच घडता घडता राहिलेलं एक उदाहरण आपल्याकडे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत, 'धेनुकाकटा यवनस' अशी सुरुवात. 'यवन' हा शब्दच मुळात आयोनियावरून, म्हणजे कोसच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून. त्यातलं 'धेनुकाकटा' ही पंचमी समजतात, 'धेनुकाकटाहून आलेला यवन'. म्हणून आपण गावाचं नाव 'धेनुकाकट' लिहितो. विभक्ती ओळखली नसती तर पुस्तकांत 'धेनुकाकटा' गाव झालं असतं. ते गाव नेमकं कुठलं यावर मात्र वाद चालूच आहेत.

---

पाणिनीचा_पुतण्या

वा, लेण्याद्रीकर! हे डोक्यात नव्हतं. तिथे 'यवनस' ही षष्ठीसुद्धा आहे, म्हणजे एका ओळीत पंचमी आणि षष्ठी.

---

मुलुंडची_मैना

एक शेवटचं विचारू? आम्ही सँटोरिनीला जाणार आहोत, तिकिटावर 'थिरा' लिहिलंय. तेही असंच 'स्त' लागून आलंय का? 'सँ-तो-रिनी'?

---

दर्यावर्दी

नाही, त्यात उपपद नाही. सांता इरिनी, म्हणजे संत आयरीन, हे पाश्चात्त्य खलाशांनी दिलेलं नाव. थिरा हे जुनं नाव आणि सरकारी कामात आता तेच चालतं. फेरी थिराची लागते, मुख्य गाव फिरा, तेही त्याच नावाचं दुसरं रूप. 'थ'चा 'फ' झालाय. गोंधळून दुसऱ्या बोटीत बसू नका.

---

ओटीवरची_आजी

मैना, त्याच बेटाचं थिराच्याही आधीचं नाव हेरोडोटसने दिलंय, कल्लिस्ते, सर्वांत सुंदर. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला चिकटलेलं कास्तेलोरिझो, त्याचं सरकारी नाव मेगिस्ती, सर्वांत मोठी, कारण आजूबाजूच्या टिकल्यांमध्ये तीच मोठी. दोन्हींच्या शेवटचा 'इस्ते' म्हणजे आपला 'इष्ठ': ज्येष्ठ, कनिष्ठ, गरिष्ठ. आणि दोन्ही स्त्रीलिंगी, ज्येष्ठा-कनिष्ठासारखी, कारण विशेष्य तीच, नेसोस. कास्तेलोरिझो हे नाव मात्र नपुंसकलिंगी आहे. एकाच बेटाची दोन नावं, दोन लिंगं. पुतण्या, यावर लिही बघू आता.

---

पाणिनीचा_पुतण्या

लिहितो आजी, पण नवीन धाग्यात. इथे आधीच कीप्रोस, कॉर्फू आणि मुंबई घुसलेत. कॉर्फूचं 'कोरिफो' हे रूपही तिथेच घेऊ, त्याचा 'ऊ' कुठून आला यावर मुळाक्षर आणि माझं भांडण ठरलेलं आहे.